एकच जागा, वर्षभर : ऋतूंप्रमाणे निसर्ग-उपक्रम आखायचाय, अनुभव हवेत

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. आमच्या वस्तीतल्या पंधराएक कुटुंबांनी मिळून गेल्या वर्षी मुलांसाठी दोन दिवसांचं निसर्ग शिबिर केलं. लांबचं जंगल, तंबू, शेकोटी, पहाटेची पक्षी बघायची फेरी. मुलं खूश, पालकही खूश. आठवड्याने एक सात वर्षांची मुलगी मला म्हणाली, "त्या वाकड्या झाडाला कळ्या आल्या होत्या ना, त्या फुलल्या का?" मला उत्तर देता आलं नाही. झाड इतकं लांब की जाऊन बघणंही शक्य नव्हतं. तिचा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

म्हणून या वर्षी वेगळं ठरवतोय. सगळ्यांना चालत जाता येईल अशी एकच जागा घ्यायची. आमच्याजवळ एक लहान तळं आहे, काठाने झाडी आहे, मागे गवताळ माळ आहे. तिथे दर पंधरवड्याला दीड तास जायचं, वर्षभर. मुलं, आईवडील, आजीआजोबा, ज्याला यायचं त्याने यावं. प्रवेशाची अट काही नाही.

पण दर वेळी तिथे जाऊन करायचं काय? ऋतूंप्रमाणे आधीच आखून ठेवावं की जाऊन बघू म्हणावं? नोंदी कशा ठेवायच्या? आणि सुरक्षिततेचं काय, कारण पाणी आहे. ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

चांदणवेल

उत्तम विषय. वाचनखूण साठवतेय.

गवतफूल

पाऊलवाट, त्या मुलीने जे विचारलं तेच वर्षभर विचारत राहा. मी अकरा वर्षं एका गटाबरोबर असा उपक्रम चालवला, तोही एकाच जागेवर, त्यामुळे जरा मोठं लिहिते.

सुरुवातीला मी फार बोलायचे. प्रत्येक झाडाचं नाव, कूळ, उपयोग. मग लक्षात आलं की नाव कळलं की मुलं झाडाकडे बघायची थांबतात. काम झालं, पुढचं झाड. मी नावं शेवटी ठेवायला लागले. आधी साल हाताला कशी लागते, पान चुरगळलं की वास कसला येतो, बुंध्याशी कोण राहतं, वर कोण येतं-जातं. मुलांनी स्वतः ठेवलेली नावंच आम्ही कित्येक महिने वापरत असू. एका झाडाचं नाव 'खरखरीत आजोबा' होतं. खरं नाव कळावं असं मुलांनाच वाटायला लागलं की मग सांगायचं. असं कळलेलं नाव विसरत नाहीत.

पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपली बसायची जागा निवडायची. दगड, झाडाचा बुंधा, काठावरचा कोपरा, काहीही. दर वेळी आल्यावर आधी तिथे दहा मिनिटं गप्प बसायचं. पहिल्यांदा तीन मिनिटंसुद्धा जड जातात, मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त. पण आपण आल्यावर गप्प झालेले पक्षी हळूहळू पुन्हा बोलू लागतात, ते त्या दहा मिनिटांतच कळतं.

ऋतूंबद्दल माझं ठाम मत आहे. वेळापत्रक पुस्तकातून उचलू नका. पाठ्यपुस्तकांत चार ऋतूंची चार चित्रं असतात, पण जगाच्या कितीतरी भागांत खरा फरक ओल्या आणि कोरड्या दिवसांचा असतो, आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला डिसेंबरात उन्हाळा असतो. पहिलं वर्ष ढोबळ आखा आणि जे दिसेल ते लिहीत जा. दुसऱ्या वर्षाचं वेळापत्रक तुमचं तळंच देईल.

एक उदाहरण पानगळीचं देते, कारण तिच्यावर आमचे दोन-दोन महिने जायचे. एका डहाळीला रंगीत दोरा बांधायचा आणि दर वेळी तिच्यावरची पानं मोजायची, बस्स. थंड प्रदेशात दिवस लहान आणि गार होऊ लागले की झाड पानं टाकतं, कोरड्या प्रदेशात पाणी वाचवायला टाकतं. पण दोन्हीकडे पान काही वाऱ्याने ओरबाडलं जात नाही. देठाच्या बुडाशी झाड स्वतःच एक नाजूक थर तयार करतं आणि तिथून पान सुटतं. गळलेल्या पानाचं देठ बघा, टोक स्वच्छ असतं. हिरवं पान हाताने तोडून बघा, कडा फाटलेली असते. हे दोन देठ शेजारी ठेवले की मुलं विचारतात, "म्हणजे झाडानेच सोडलं?" हिरवा रंग जाऊन पिवळा दिसतो तेव्हा पिवळा नवा आलेला नसतो, तो आधीपासून पानात होता. हरितद्रव्य मोडलं म्हणून उघडा पडला. लाल रंग मात्र बहुतेक झाडांत त्या वेळी नव्याने तयार होतो. पानं मोजता मोजता हे सगळं निघतं.

ध्रुवमत्स्य

गवतफूल ताईंना अनुमोदन. मी आकाशवाला माणूस, तेव्हा त्या बाजूने भर घालतो.

तुमच्या माळावर एक मीटरची सरळ काठी रोवा. दुपारी सावली सगळ्यात आखूड होते त्या क्षणी तिच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि त्यावर तारीख रंगवायची. पंधरवड्याला एक खडा. दोन-तीन खड्यांनंतर मुलं पैज लावतात की पुढचा कुठे पडेल. उत्तर गोलार्धात कर्कवृत्ताच्या पलीकडे असाल तर 21-22 डिसेंबरच्या सुमारास सावली सर्वांत लांब आणि 21 जूनच्या सुमारास सर्वांत आखूड. कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या पट्ट्यात राहत असाल तर आणखी बहार : वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सरळ काठीची सावली नाहीशी होते, आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात ती उलट बाजूला पडते. पृथ्वीचा आस कललेला आहे हे वाक्य मी शाळेत पाठ केलं होतं. ते खरं कळलं ते अशा खड्यांच्या रांगेवरून.

रात्रीचा कार्यक्रम वर्षातून दोन-तीनदा तरी ठेवा, अमावास्येच्या आसपास. डोळे अंधाराला पुरते सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि एक मोबाइल उघडला की ते सगळं वाया जातं. विजेरीला लाल पारदर्शक कागद लावा, मोबाइल खिशात. उल्कावर्षावासाठी 13-14 डिसेंबरची रात्र धरा, मिथुन राशीतला. बाकीचे बरेच वर्षाव मध्यरात्रीनंतरच रंगात येतात, हा उत्तर गोलार्धात संध्याकाळनंतर लवकर सुरू होतो, म्हणून लहान मुलांना जमतो. त्यातल्या बऱ्याचशा उल्का वाळूच्या कणाएवढ्या तुकड्यांच्या असतात आणि ते तुकडे फेथॉन नावाच्या लघुग्रहाचे, हे सांगितलं की मुलं काही वेळ बोलत नाहीत.

कवडसा

थोडा वेगळा सूर लावतो. एकच जागा, शांत बसणं, पानं मोजणं हे आठ-दहा वर्षांच्या मुलांना ठीक आहे. चौदा-पंधरा वर्षांची मुलं तिसऱ्या वेळी येणार नाहीत. त्यांना चढण हवी, दमणूक हवी, स्वतःच्या जिवावर काही निभावल्याचं समाधान हवं. 1941 मध्ये वेल्समध्ये अ‍ॅबरडोव्हीला शिक्षणतज्ज्ञ कर्ट हान यांनी आउटवर्ड बाउंड या साहसी शिक्षण देणाऱ्या संस्थेची पहिली शाळा सुरू केली ती याच जाणिवेतून. जहाजांवर काम करणाऱ्या तरुणांमध्ये अडचणीत टिकून राहायची ताकद यावी म्हणून महिनाभराचा कस लावणारा कार्यक्रम होता. समुद्र आणि डोंगर हे तिथे शिक्षक होते. शिबिराने काहीच उरत नाही असं म्हणणं मला पटत नाही. मी पंधराव्या वर्षी केलेल्या एका चढाईने मला आजवर पुरवलंय.

पाऊलवाट

कवडसा, शिबिर वाईट असं म्हणायचं नव्हतं. पण तुमचा मुद्दा खरा आहे, आमच्याकडची मोठी मुलं आत्ताच मागे सरायला लागली आहेत. त्यांना काय देता येईल?

गवतफूल

जबाबदारी द्या. आमच्याकडे नकाशा काढणं, वेळ पाळणं, डोकी मोजणं आणि लहानांच्या गटाला पुढे नेणं ही कामं चौदा वर्षांवरच्या मुलांची होती. आणि वर्षाअखेरचं मुक्कामी शिबिर पूर्णपणे त्यांनीच आखायचं, आम्ही फक्त प्रश्न विचारायचो. पाणी कुठून? कोणी आजारी पडलं तर सगळ्यात जवळचा रस्ता कुठला? त्यांची तयारी आमच्यापेक्षा कसून असायची.

तरी कवडसा म्हणतात ती दमणूक मला कधी देता आली नाही, हे मान्य करते. ती एका तळ्याकाठी मिळत नाही.

रातकिडा

कीटकांचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

उबदार, दमट, वारा नसलेली रात्र निवडा. दोन झाडांमध्ये पांढरी चादर ताणा, समोर दिवा लावा, थांबा. तासाभरात चादरीवर इतके आकार आणि रंग जमतात की दिवसा तीच झाडी रिकामी वाटणाऱ्या माणसाला धक्का बसतो. अतिनील दिवा वापरलात तर मुलांनी त्याच्याकडे टक लावून बघू नये, एवढं बघा.

पतंग दिव्यावर भाळतात असं आपण म्हणत आलो. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांचं उडणं टिपलं, तेव्हा वेगळंच दिसलं. उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे धरतो. रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून एरवी पाठ उजेडाकडे ठेवली की शरीर सरळ राहतं. दिवा शेजारी आला की हीच सवय त्याला दिव्याभोवती गरगरत ठेवते. तो ओढला जात नाही, अडकतो. हे कळल्यापासून मी दिवा तासाभरात बंद करते, चादर हलक्या हाताने झटकते आणि सगळे उडाल्याची खात्री झाल्यावरच निघते. त्याच जागी लागोपाठच्या रात्री दिवा लावत नाही. मुलांनाही कारण सांगते, आणि मग दिवा बंद करायची घाई त्यांनाच असते.

आणखी एक, अगदी सोपं. रातकिड्यांची किरकिर मोजायची आणि शेजारी तापमान लिहायचं. गरम रात्री किरकिर जलद, गार रात्री संथ. 1897 मध्ये अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ एमॉस डॉल्बेअर यांनी त्यावरून तापमान काढायचं सूत्रच मांडलं. सूत्र प्रत्येक जातीला वेगळं लागेल, म्हणून त्यांचं उसनं घेऊ नका. तुमच्या रातकिड्यांचं तुम्ही काढा. चार-पाच वेगवेगळ्या रात्रींच्या नोंदी पुरतात.

सोनसळी

पाऊस असेल तर कार्यक्रम रद्द करता का? आमच्या गटात यावरून दर वेळी वाद होतो.

रातकिडा

नुसता पाऊस असेल तर मी कधीच रद्द करत नाही. बेडूक त्याच दिवशी ओरडणार, आणि ओरडतात ते नर. डोळे मिटून किती वेगवेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजायचं. पहिल्या सरीनंतरचा मातीचा वास तर वर्षातून मोजक्या वेळा मिळतो. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात, त्याचा वाटा त्या वासात मोठा असतो, आणि माणसाच्या नाकाला ते अगदी किंचित असलं तरी कळतं. असा दिवस घरात काढायचा?

दक्षिणवारा

पाऊस चालेल, वीज अजिबात नाही. हे फार गंभीरपणे लिहितोय.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या सहलीत मी मदतनीस होतो. माळावर असताना दूर गडगडायला लागलं. नेणारे म्हणाले, अजून लांब आहे, एवढं टेकाड बघून परतू. वीस मिनिटांत आमच्यापासून काही अंतरावरच्या एकट्या झाडावर वीज पडली. कोणाला इजा झाली नाही, पण तीस मुलं उघड्यावर होती. त्या दिवसापासून मी नियमाबाहेर जात नाही.

नियम असा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. ताबडतोब पक्क्या इमारतीत किंवा छत असलेल्या बंद गाडीत जायचं. झाडाखाली नाही, उघड्या मांडवात नाही, पाण्याजवळ नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर 30 मिनिटं बाहेर पडायचं नाही. मोजायला जमलं नाही तरी गडगडाट ऐकू येतोय एवढं कारण पुरे. म्हणून निघायच्या आधीच ठरलेलं असावं की आडोसा कुठे आणि तिथे पोचायला किती मिनिटं.

दुसरं, "आता परत फिरा" म्हणायचा अधिकार एकाच माणसाकडे असावा आणि त्या वेळी त्याच्याशी कोणी वाद घालू नये. हा माणूस शिकवणारा नसावा. शिकवणारा रंगलेला असतो.

तळं आहे, तर एक प्रौढ फक्त पाण्यावर नजर ठेवायला. त्याच्या हातात दुर्बीण नको, कॅमेरा नको. निघताना, पोचल्यावर, जागा बदलताना आणि परतताना डोकी मोजायची. कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, कोण दम्याचं औषध घेतं, याची यादी कागदावर खिशात असावी, कारण मोबाइल संपतो. सापाच्या भागात असाल तर गवतात पूर्ण बूट आणि हाताआधी काठी. आणि दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करायचं नाही. माणसाला शांत बसवायचं, तो अवयव हलू द्यायचा नाही, आणि लवकरात लवकर दवाखाना. साप ओळखण्यासाठी त्याच्या मागे जाऊ नका.

कवडसा

दक्षिणवारा, शिकवणारा आणि थांबवणारा वेगळा हवा, हे मला कधी सुचलं नव्हतं. आमच्या पुढच्या मोहिमेला हे करतो.

अंगणवेल

पाऊलवाट यांनी आजीआजोबांचा उल्लेख केलाय म्हणून लिहिते. माझी आई चाकाच्या खुर्चीवर आहे. ज्या उपक्रमांना आम्ही गेलो तिथे तिला नेहमी प्रवेशद्वाराजवळ सावलीत बसवलं आणि बाकीचे "लगेच येतो" म्हणून दीड तास गेले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण ती पुन्हा यायला तयार होत नाही.

एका गटाने मात्र उलट केलं. त्यांनी वाटच तिच्या खुर्चीला धरून आखली. चारशे पावलांची, कडक जमिनीची, मध्ये तीन ठिकाणी बसायची सोय. सगळा गट त्याच वाटेने, त्याच वेगाने गेला. तिचे कान तरबेज आहेत. पानांत दडलेला पक्षी कोणत्या बाजूला आहे ते तिने हाताने दाखवलं आणि मुलं तिच्या खुर्चीभोवती गोळा झाली. पुढच्या वेळी मुलं तिला शोधत आली.

ज्यांना बाहेर पडताच येत नाही त्यांनाही धरा. खिडकीतून दिसणारं एक झाड त्यांच्या नोंदीला द्या. संशोधक रॉजर अल्रिच यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्ण थोडेच होते, 23 जोड्या, त्यामुळे फार मोठे निष्कर्ष मी काढत नाही. पण आजारपणात माझी आई खिडकीकडेच तोंड करून झोपायची, एवढं मी बघितलंय.

चांदणवेल

अंगणवेल, प्रतिसाद फार आवडला. आईंना नमस्कार सांगा.

नोंदवही

नोंदींबद्दल विचारलंय. मुलांना आधी हे सांगा की साध्या माणसांच्या वहीतूनच मोठं ज्ञान उभं राहिलंय. इंग्लंडमध्ये नॉरफॉकला रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने 1736 पासून पहिलं फूल कधी आलं, पहिलं पान कधी फुटलं, बेडूक कधी ओरडले, असं लिहायला सुरुवात केली. त्याच्या पश्चात घराण्यातल्या लोकांनी ते 1958 पर्यंत चालू ठेवलं. क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा तर नवव्या शतकापासून मिळतात, दरबारातल्या रोजनिश्यांमधून. वसंत आता लवकर येतोय हे आपण आकड्यांनी म्हणू शकतो ते अशा वह्यांमुळे. अमेरिकेत 1900 च्या नाताळात पक्ष्यांची शिकार करायची प्रथा होती, तेव्हा पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी शिकारीऐवजी गणना सुचवली. त्या दिवशी 27 जणांनी पक्षी मोजले. ती गणना आजही दर वर्षी होते.

तुमच्यासाठी एकच वही पुरे, जागेची वही. माणसागणिक वेगळी नको. तारीख, वेळ, आकाश, वारा, कोण कोण आलं, आणि मग दिसलं ते. जे दिसलं नाही तेही लिहा. "आज काठावर एकही चतुर नाही" ही पक्की नोंद आहे, आणि बहुतेक जण नेमकी तीच सोडतात. खात्री नसेल तर अंदाजाने नाव लिहू नका, वर्णन लिहा, चित्र काढा. चित्र काढताना पाय किती हे मोजावंच लागतं.

ओळख पटवायला आयनॅचरलिस्ट आणि पक्ष्यांच्या नोंदींना ईबर्ड ही संकेतस्थळं वापरायला हरकत नाही. आयनॅचरलिस्टवर तुम्ही टाकलेलं छायाचित्र इतर जाणकार तपासतात आणि पुढे संशोधकांनाही उपयोगी पडतं. मात्र घरट्याची नेमकी जागा कुठेही टाकू नका आणि मुलांचे चेहरे छायाचित्रात घेऊ नका. माझ्या गटात मोबाइल शेवटच्या पंधरा मिनिटांतच बाहेर निघतो.

पाऊलवाट

(तीन महिन्यांनी वर आणतोय.)

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा फेऱ्या झाल्या. पहिल्या वेळी अठ्ठावीस जण, तिसऱ्या वेळी नऊ, मग हळूहळू वाढत सतरावर स्थिरावलं. नऊ जण आले त्या दिवशी मन खट्टू झालं होतं, पण वहीत सर्वांत जास्त नोंदी त्याच दिवशीच्या आहेत.

काठी रोवली. सहा खडे झालेत, ते सरळ रेषेत सरकतायत आणि मधलं अंतर दर वेळी थोडं बदलतंय. ते का, यावर दोन तट पडलेत. ध्रुवमत्स्य, मी मुद्दाम सांगितलेलं नाही, वर्ष पुरं होऊ दे.

वाट अंगणवेलच्या पद्धतीने आखली. त्यामुळे तळ्याची पलीकडची बाजू सोडावी लागली, तिथे चिखल आणि उतार आहे. मोठी मुलं तिकडे जाऊन येतात आणि नकाशावर भरतात. परत फिरा म्हणायचं काम एका निवृत्त परिचारिका बाईंकडे दिलंय. त्यांनी एकदा खरंच परत फिरवलं, आभाळ नंतर मोकळं झालं, आणि कोणीही त्यांना बोललं नाही.

ज्या मुलीने कळ्यांचं विचारलं होतं तिने काठावरचं एक खुरटं झाड निवडलंय. मी सुचवलं, शेजारचं मोठं घे, त्यावर पक्षी येतात. तिने ऐकलं नाही. दोरा बांधलेल्या तिच्या डहाळीवर पहिल्या दिवशी 31 पानं होती, आता 12 आहेत. परवा मला विचारत होती की शून्य झाल्यावर काय मोजायचं.

गवतफूल ताई, तुम्ही काय मोजायचात?

गवतफूल

पान गळालेल्या जागी देठाची खूण राहते आणि बहुतेक झाडांत तिच्या जरा वरच बारीक कळी असते. आधीपासूनच असते, पानांमुळे दिसत नाही. भिंग द्या तिच्या हातात. दोऱ्यापासून टोकापर्यंत कळ्या किती, आणि सगळ्यात मोठी किती मिलिमीटर, तेवढं दर वेळी लिहू दे. पानं 31 होती ना? मग 31 खुणा सापडतात का ते आधी बघायला सांगा.